तेहतीस अंश

बाहेर शेहेचाळीस.
दवाखान्याच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी
हात धुवायलाही घेववत नव्हतं,
आणि आत, काचेपलीकडे,
माझ्या बापाला ते गार करत होते.

केसपेपरवर: सुपडू चिंतामण भारंबे, वय अठ्ठावन्न.
सावद्याला, केळीची गाडी भरताना,
काट्यावरून घड घसरावा
तसा आवाज न करता खाली गेला.
रेमसिंग पावरानं खांद्यावरचा टॉवेल फेकला
आणि फोनवरची बाई मोजेल तसा
छाती दाबत राहिला. अकरा मिनिटं.
नंतर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला,
ताई, एक बरगडी मोडली माझ्या हातानं.
माफी मागत होता.

हृदय चालू झालंय, डॉक्टर म्हणाले,
आता मेंदूला वाचवायचंय.
चोवीस तास तेहतीसवर ठेवू.
त्याचं मशीन भुसावळात नव्हतं.
मग स्टेशनामागच्या कारखान्यातून लादी आली,
रसवंतीवर जायची होती ती,
गोणपाटात, भुशासकट.
वॉर्डबॉयनं जिन्यात बसून हातोडीनं फोडली.
मानेशी, काखेत, जांघेत पिशव्या,
शिरेतून फ्रीजमधलं सलाईन,
आणि थरथर सुटू नये म्हणून औषध.
थरथरायचीही मुभा नव्हती त्याला.

आईला दोन मिनिटं आत सोडलं.
तिनं आधी पाय चाचपले.
आमच्याकडे पाय गार लागले
की पुढचं कोणी विचारत नाही,
गावोगाव निरोप धाडतात.
'अवं माय, यायचे पाय गार पडले!'
आणि स्वतःच्या पदरानं झाकायला लागली.
तडवी सिस्टरनं पदर हळूच काढून घेतला.
'मावशी, पडले नाहीत. आम्ही पाडलेत.'

एका कान्याचा फरक.
आई शाळेत गेली नाही कधी,
पण तो काना धरून
बाकावर रात्रभर बसून राहिली.

मला चेंबर आठवत होतं.
बापाचं अर्धं आयुष्य त्या जाड दारामागे गेलं,
कच्च्या केळीच्या हिरव्या वासात.
तेराच्या खाली जाऊ द्यायचं नाही, सांगायचा,
थंडीनंही साल करपतं.
मारायचं नसतं, पोरी, थांबवायचं असतं.
मनगटाची आतली बाजू केळीला लावून
काट्याआधी अंदाज सांगायचा,
अन् बहुतेक वेळा काटाच चुकलेला असायचा.

पहाटे लाईट गेली.
जनरेटर लागेपर्यंत मी नऊ मोजले.
हे नऊ आकडे
मी अजूनही कुठे ठेवू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी ऊब द्यायला लागले,
तासाला पाव अंश.
एवढंसं?
घाई केली तर बिघडतं, सिस्टर म्हणाली,
कागदावर आकडा लिहीत,
आणि मला तिच्या आवाजात बापच ऐकू आला.
खाली रस्त्यावर डांबर मऊ झालेलं,
चपला चिकटत होत्या,
रेमसिंग लिंबाखाली उभा होता दोन दिवस,
वर या म्हटलं तर येत नव्हता.
आणि इथे वर
एक माणूस पाव-पाव अंशानं
उन्हाळ्याकडे परत येत होता.
येत होता की नव्हता,
ते मॉनिटरही सांगत नव्हता.

चौथ्या दिवशी डोळे उघडले.
मला शकूनआत्या म्हणाला.
महिना विचारला तर पोळा म्हणाला.
चमचा हातात धरून बराच वेळ बघत बसला,
कोणत्या टोकानं सुरू करायचं ते कळेना.
डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल.
किती, ते नाही म्हणाले.

संध्याकाळी मला जवळ बोलावलं.
ओठ फुटलेले, आवाज नळीनं खरवडलेला.
'किती आहे?'

चौतीस, पस्तीस, छत्तीस,
सगळे आकडे पाठ होते मला,
पण मी बाहेरचं सांगितलं.
'शेहेचाळीस, बाबा.'

कपाळाला आठी पडली, ती जुनीच.
'मग दार लाव ना.
माल खराब होईल.'

मी उठून दार लावलं.